कथेची मालकी आणि खेळण्याचा साचा

१. प्रश्नाचे स्वरूप

भिवंडी हे नगर यंत्रमागाच्या धंद्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. अलीकडे त्याची ख्याती गोदामांसाठीही झाली आहे. मुंबई महानगरपालिकेची जकात वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, अमलात होती. त्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी मुंबईपासून फार दूर नाही अशा ठिकाणी माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. त्यामुळे माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, काल्हेर इत्यादी गावांच्या भातशेतीच्या जमिनींवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे जकात गेली. गोदामे मात्र राहिली, किंबहुना वाढली. कापड, औषधे, विजेची उपकरणे यांच्याबरोबर मुलांची खेळणीही ह्या गोदामांतून देशभर रवाना होतात.

खेळण्यांच्या खोक्यांवर आज बहुधा कोणत्या तरी चित्रपटातील अथवा दूरचित्रवाणीवरील पात्राचे नाव असते. ह्या प्रकारच्या खेळण्यांचा इतिहास पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. ज्या कथांवरून खेळणी तयार करण्यात आली त्यांतील कित्येक कथा मुलांसाठी नव्हत्याच. काहींचे चित्रपट मुलांना पाहण्याची मुभा नव्हती. काही मालिका प्रौढांच्या कौटुंबिक सुखदुःखांविषयी होत्या. उलटपक्षी, ज्या कथा घरोघरी मुलांच्या तोंडी होत्या त्यांची खेळणी संघटित कारखानदारीने क्वचितच केली. ही निवड कोणत्या नियमाने झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, कारखानदारांना मुलांच्या आवडीनिवडीची जाण नव्हती, किंवा लोभाने त्यांची दृष्टी झाकली होती. हे उत्तर सोपे आहे. पण त्याने फारसा उलगडा होत नाही. अनेक वर्षे धंदा यशस्वीपणे चालविणाऱ्या संस्थांनी एकाच प्रकारची चूक पुनःपुन्हा करावी, ह्याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा धंद्याच्या रचनेत शोधणे अधिक युक्त होय.

२. मुदतीचा नियम

प्लास्टिकच्या बाहुल्याचा मूळ आधार म्हणजे त्याचा साचा. मुंबईच्या प्लास्टिक-व्यवसायात त्यास ‘डाय’ म्हणतात. पोलादाच्या ह्या साच्यात वितळलेला प्लास्टिकचा दाणा दाबाने भरला की काही क्षणांत आकृती तयार होते. दाणा स्वस्त असतो, मजुरी फारशी लागत नाही. खर्च होतो तो साच्यावर. एकदा साचा केला म्हणजे त्यातून हजारो नग निघाल्याखेरीज तो खर्च भरून येत नाही. शिवाय पात्राचे शिल्प, साचे, रंगकाम, खोकी आणि माल दुकानी पोहोचविणे ह्या सर्वांस मिळून पुष्कळ महिने लागतात. म्हणून चित्रपटावरून खेळणे काढावयाचे तर करार चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी बराच काळ करावा लागतो. त्या वेळी कारखानदाराच्या हाती चित्रपट नसतो. असतात ती काही रेखाचित्रे, कथेचा सारांश आणि निर्मात्याचा शब्द.

ह्या नियमाचे परिणाम १९७७ साली अमेरिकेत स्पष्ट दिसून आले. ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटाच्या खेळण्यांचे हक्क त्या काळी आघाडीवर असलेल्या मेगो ह्या संस्थेने नाकारले होते. ते केनर ह्या संस्थेने घेतले. चित्रपटाला अपेक्षेपलीकडे यश लाभले. परंतु त्या वर्षीच्या नाताळापर्यंत केनरचे बाहुले तयार होऊ शकले नाहीत. तेव्हा संस्थेने रिकामी खोकी विकली. खोक्यात एक प्रमाणपत्र असे व ते पाठविल्यावर पुढील वर्षी चार बाहुले घरी येत. वस्तूवाचून केवळ कथेचे अभिवचन विकले गेले, ही घटना खेळण्यांच्या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ह्या यशाने कारखानदारांनी घेतलेला धडा असा, की हक्क नाकारणे हे हक्क घेण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. ‘एलियन’ (१९७९) ह्या चित्रपटातील भयानक प्राण्याचा सुमारे १८ इंच उंचीचा बाहुला केनरने त्याच वर्षी काढला. तो चित्रपट सतरा वर्षांखालील मुलांस पालकांवाचून पाहता येत नव्हता. पालकांनी तक्रारी केल्या, बाहुला खपला नाही. ‘ड्यून’ (१९८४) हा चित्रपट १९६५ मधील एका गुंतागुंतीच्या कादंबरीवर आधारलेला. त्याच्या कथेचा धागा प्रौढ प्रेक्षकांच्याही हाती लागेना; पण त्याचेही बाहुले दुकानांत आले. दूरचित्रवाणीच्या बाबतीत तर मेगोने १९७० च्या दशकात ‘द वॉल्टन्स’ ह्या मंदीच्या काळातील खेडवळ कुटुंबाच्या कथेची, आणि पुढे ‘द लव्ह बोट’ ह्या जहाजावरील प्रणयकथांच्या मालिकेची बाहुली काढली. कोरियाच्या युद्धातील लष्करी रुग्णालयावरील ‘मॅश’ ह्या मालिकेचेही बाहुले १९८२ मध्ये निघाले. शस्त्रक्रिया करणारे थकलेभागले डॉक्टर घेऊन मुलांनी कोणता खेळ खेळावा, ह्याचा विचार करार करणाऱ्यांनी केला नसावा असे वरवर दिसते.

वस्तुतः विचार झालेला होता. तो निराळ्या गोष्टीचा. साच्यात पैसा गुंतविताना कारखानदारास प्रश्न पडतो तो असा: ‘ह्या नावाने दुसरा कोणी बाहुला विकू शकेल काय?’ मूल ह्याच्याशी कसे खेळेल, हा प्रश्न त्यानंतरचा. ‘एलियन’ असो वा ‘मॅश’, त्या नावांना एक निश्चित मालक होता आणि त्या मालकाशी केलेल्या कराराने इतर सर्वांना मज्जाव होत होता. विचित्र निवडीचे मूळ येथे आहे.

३. नाकारलेल्या दोन कथा

ह्या विधानाची कसोटी, कथा नाकारली गेल्यानंतर काय घडले ते पाहून घेता येते. सुदैवाने अशी दोन उदाहरणे उपलब्ध आहेत, आणि ज्या दोन बाहुल्यांशी ती निगडित आहेत ते दोन्ही पुढे भारतात तयार झाले.

१९६३ साली स्टॅन वेस्टन नावाच्या हक्कविक्रीच्या मध्यस्थाने हॅस्ब्रो ह्या संस्थेचे डॉन लेव्हिन यांना सैनिकाच्या बाहुल्याची कल्पना सुचविली. ती ‘द लेफ्टनंट’ ह्या मालिकेशी जोडलेली होती. ही मालिका मरीन दलातील एका तरुण अधिकाऱ्याविषयी असून तिचा प्रेक्षकवर्ग प्रौढ होता. मालिका बंद पडल्यास बाहुलाही बंद पडेल, ही अडचण लेव्हिन यांच्या ध्यानात आली. त्यांनी कल्पना घेतली, मालिका सोडली. हा निर्णय योग्य ठरला: ‘द लेफ्टनंट’ १९६४ मध्ये एका हंगामानंतर संपली, आणि त्याच वर्षी बाजारात आलेला ‘जी. आय. जो’ हा बाहुला दीर्घायुषी झाला. त्याचे नाव १९४५ च्या एका युद्धपटाच्या शीर्षकातून घेतले होते. पण मुळात ते अमेरिकन सैनिकाचे सर्वसाधारण टोपणनाव होते. मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत ह्या समजुतीस बाध येऊ नये म्हणून हॅस्ब्रोने ‘बाहुली’ हा शब्दच टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ अशी नवी संज्ञा रूढ केली.

दुसरे उदाहरण ‘ही-मॅन’चे. मॅटेल ह्या संस्थेने १९८१ मध्ये ‘कोनन’ ह्या पात्राच्या हक्कदार संस्थेशी करार केला. परंतु ‘कोनन द बार्बेरियन’ (१९८२) हा चित्रपट रक्तपाताने भरलेला निघाला आणि करार संपुष्टात आला. त्याच वर्षी मॅटेलने ‘ही-मॅन’ हा पिळदार शरीराचा योद्धा बाजारात आणला. कोननच्या हक्कदारांनी नकलेचा दावा लावला. न्यायालयाने १९८९ मध्ये मॅटेलच्या बाजूने निकाल दिला. तयार झालेल्या कोननच्या बाहुल्यांचे केस पिवळे रंगवून त्यांचाच ही-मॅन केला, अशी आख्यायिका प्रचलित आहे. परंतु ही-मॅनची प्राथमिक शिल्पे कोननच्या करारापूर्वीची असल्यामुळे ती ग्राह्य धरता येत नाही.

ह्या दोन उदाहरणांतून कारखानदारांनी काढलेले अनुमान एकच आहे: कथा भाड्याने घेण्यापेक्षा बाहुला आधी करावा आणि कथा नंतर त्याला जोडावी, म्हणजे दोहोंची मालकी आपल्याकडे राहते. ‘ही-मॅन’ची चलच्चित्रमालिका १९८३ मध्ये सुरू झाली. ‘जी. आय. जो’ १९८२ मध्ये लहान आकारात पुन्हा आणताना त्याच्याबरोबर चित्रकथा आणि पाठोपाठ दूरचित्रवाणी-मालिका आली. १९८४ मधील ‘ट्रान्सफॉर्मर्स’ तर ताकारा ह्या जपानी संस्थेच्या, मुळात वेगळ्याच नावांच्या खेळण्यांच्या साच्यांतून निघाले. पात्रांची नावे व इतिहास अमेरिकेत लिहून त्यांना चिकटविण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेचे निर्बंध काढून घेतल्याने ह्या पद्धतीला मोकळे रान मिळाले. पुढे ‘रॅम्बो’ आणि ‘रोबोकॉप’ ह्या प्रौढांच्या हिंसक चित्रपटांवरून १९८६ व १९८८ मध्ये मुलांसाठी चलच्चित्रमालिका काढण्यात आल्या व त्यांच्या आधारे बाहुले विकण्यात आले. कथा गाळून सौम्य केली, नाव तेवढे ठेवले; कारण विकत घेतले होते ते नावच.

४. साचे भारतात आले

भारतात ह्या सुमारास परदेशी खेळणी सहजासहजी येऊ शकत नव्हती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध २००१ मध्ये पूर्णपणे उठले. तोपर्यंत तयार मालाऐवजी परवाना व साचे आणून येथे उत्पादन करणे हाच राजमार्ग होता. मुंबईच्या ब्लो प्लास्ट ह्या संस्थेच्या ‘लिओ’ खेळण्यांचा मॅटेलशी संबंध जुळला आणि ‘ही-मॅन’ व त्याचे साथीदार येथे तयार होऊ लागले. एम. आर. एफ. ह्या टायर-कारखान्याने हॅस्ब्रोच्या सहकार्याने १९८७ मध्ये ‘फनस्कूल’ ही संस्था स्थापिली. तिचा कारखाना गोव्यात खोर्ली येथे उभा राहिला, आणि तेथे ‘जी. आय. जो’ तयार होऊ लागला.

साचे परदेशी, दाणा व रंग येथले. त्यामुळे मूळ अमेरिकन बाहुल्याशी तुलना करता गणवेशाचा रंग निराळा, शस्त्र दुसऱ्याचे, असे भेद भारतीय नगांत आढळतात. परदेशांतील संग्राहक आज हे भेद मुद्दाम शोधून विकत घेतात. हॅस्ब्रोने १९९४ मध्ये अमेरिकेत ही मालिका थांबविली. गोव्यातील उत्पादन मात्र त्यानंतरही चालू राहिले. जन्मभूमीत कथा संपली होती. साचा अद्याप झिजला नव्हता.

हा व्यवहार भिवंडीच्या यंत्रमागवाल्यास परका वाटणार नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग विकत घेऊन भिवंडीतील धंद्याचा मोठा भाग उभा राहिला, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर गिरण्यांचे पुष्कळ काम ह्या नगराकडे वळले. येथील प्रचलित पद्धतीत व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर कोरे कापड विणून देतो. कापड कोणत्या नावाने व कोणत्या छापाने विकले जाईल हे ठरविणे त्याच्या हाती नसते. यंत्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते, काम जाते. नाव आणि नक्षी मूळ धन्याकडे राहते. गोव्यातील बाहुला आणि भिवंडीतील कोरे कापड यांचे आर्थिक स्वरूप ह्या दृष्टीने एकाच कुळातील आहे.

येथे भाषेच्या अंगाने एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. अमेरिकन मुलाने बाहुला हाती घेण्यापूर्वी त्याची कथा दूरचित्रवाणीवर पाहिलेली असे. भारतात हा क्रम पाळला गेला नाही. ‘ही-मॅन’ची मालिका येथील दूरदर्शनवर दाखविण्यात आली, पण एका वाहिनीच्या त्या काळात सर्व पात्रांची पूर्वकथा मुलांना ठाऊक होणे शक्य नव्हते. खोक्याच्या मागील बाजूस छापलेला इंग्रजी मजकूर पुष्कळांना वाचता येत नसे. परिणामी नाव होते, पण त्याचा अर्थ रिकामा होता. ती पोकळी मुलांनी आपल्या परीने भरली. ज्या समाजात ‘बाहुला-बाहुलीचे लग्न’ हा भातुकलीचा परमोत्कर्ष मानला जातो आणि ठकीसारखी लाकडी बाहुली पिढ्यान्‌पिढ्या हाताळली गेली, तेथे ‘बाहुला’ हे पुल्लिंगी रूप आधीच सिद्ध होते. ‘ॲक्शन फिगर’सारखी नवी संज्ञा घडविण्याचे कारण मराठीस पडले नाही.

५. मालक नसलेली कथा

ज्या वर्षी फनस्कूलची स्थापना झाली त्याच वर्षी, २५ जानेवारी १९८७ रोजी, दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले. ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. तिचे चित्रण झाले ते उंबरगाव गुजरातेत असले तरी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेलगतच आहे. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत ‘महाभारत’ चालले. भारतातील मुलांनी इतक्या मोठ्या संख्येने एकाच वेळी पाहिलेल्या दुसऱ्या कथा त्या काळी नव्हत्या. केनर किंवा मॅटेल यांनी ज्या संधीसाठी वाटेल ती किंमत मोजली असती, तशी ही संधी होती.

तथापि ‘ही-मॅन’ वा ‘जी. आय. जो’ यांच्या तोडीची, क्रमवार पात्रांची बाहुल्यांची मालिका ह्या कथांवरून संघटित कारखानदारीने त्या वेळी उभी केली नाही. मुलांनी खेळ केले नाहीत असे मात्र नाही. घरोघरी कामट्यांची धनुष्ये झाली, खराट्याच्या काड्यांचे बाण झाले. जत्रांतून पुठ्ठ्याचे मुकुट, रंगीत गदा आणि धनुष्यबाण विकले गेले. बाणांनी डोळ्यांस इजा होते म्हणून वडीलधाऱ्यांना मुलांच्या पाठीस लागावे लागे. मागणी प्रचंड होती. परवानाधारक तेवढा कोणी नव्हता.

ह्याचे कारण वर सांगितलेल्या नियमातच आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या विशिष्ट रचनेस संरक्षण मिळते; मालिकेतील संवाद, संगीत, चित्रण ही निर्मात्याची मालमत्ता होय. पण राम, हनुमान, भीम ही पात्रे, त्यांची धनुष्ये आणि गदा ह्यांवर कोणाचाही हक्क सांगता येत नाही. जत्रेतील गदा विकणाऱ्यास कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती, आणि म्हणूनच मोठ्या कारखान्यास गदेचा महागडा साचा करणे परवडत नव्हते: त्याने रुळविलेल्या बाजारात दुसऱ्या दिवशी दहा जण उतरले असते. सर्वांत लोकप्रिय कथा सर्वांची असल्यामुळे ती भांडवलाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. आणि येथील मुलांना अपरिचित असलेली कथा, तिला मालक असल्यामुळे, साच्यात उतरली. ‘विचित्र’ हे विशेषण अमेरिकेतील ‘एलियन’च्या बाहुल्यास जितके लागू पडते तितकेच ह्या घटनेसही लागू पडते, दोन्हींचे कारण एक आहे.

पुढील काळात ह्या कोंडीवर एक तोड निघाली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ह्या संस्थेची ‘छोटा भीम’ ही चलच्चित्रमालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. भीम सर्वांचा, परंतु ढोलकपूर ह्या कल्पित नगरात राहणारा, लाडू खाऊन बळ मिळविणारा, विशिष्ट रेषांत काढलेला बालभीम एका संस्थेचा. त्याच्या चित्रांची दप्तरे, डबे व खेळणी परवान्याने विकली जाऊ लागली. पुराणकथेच्या सार्वजनिक रानाला येथे एक कुंपण घातले गेले, आणि कुंपण पडताच भांडवल आत आले.

६. नावांच्या दोन गती

ह्या व्यवहाराचा भाषेवरील परिणाम नीट समजण्यासाठी विशेषनामांच्या दोन परस्परविरुद्ध गती ध्यानात घेतल्या पाहिजेत. मराठीत विशेषनामाचे सामान्यनाम किंवा विशेषण होण्याची प्रवृत्ती जुनी आहे. हमखास गुण देणारे औषध ‘रामबाण’ ठरते. न ओलांडण्याची मर्यादा ‘लक्ष्मणरेषा’ होते. गाढ झोप ‘कुंभकर्णी’ असते. न संपणाऱ्या अन्नास ‘द्रौपदीची थाळी’ म्हणतात. अवघड काम पार पाडणे हा ‘भीमपराक्रम’ गणला जातो. कथेतील नाव समाजाच्या नित्य व्यवहारात उतरते व सर्वांचे होते. ते वापरण्यासाठी मूळ कथा वाचलेली असावी लागत नाही. भाषा तिचा अर्क जपून ठेवते.

बाजाराची गती ह्याच्या उलट आहे. ‘जी. आय. जो’ हे कोणाही सैनिकाचे टोपणनाव होते. ते एका संस्थेचे व्यापारचिन्ह बनले. ‘ही-मॅन’ हा पौरुषयुक्त पुरुषासाठी इंग्रजीतील सामान्य शब्द होता. तोही खोक्यावर छापला जाऊन खासगी झाला. येथे मात्र उलट प्रवाहाचे एक लक्षणीय उदाहरण सापडते. हिंदी चित्रपटसृष्टीत हाच शब्द धर्मेंद्र यांच्या नावामागे बिरुदासारखा लागला आणि त्या अर्थाने मराठी वृत्तपत्रांतही रुळला. कारखान्याने मालकीचे केलेले नाव लोकव्यवहाराने आपल्या वाटेने वापरात ठेवले. सारांश, भाषा नावे मोकळी करते, बाजार ती बांधून ठेवतो, आणि बालकाचा खेळ ह्या दोहोंच्या सीमेवर चालतो.

७. मराठी मुलखातील एक प्रतिउदाहरण

मालक नसलेल्या कथेवरून खेळणी होऊच शकत नाहीत, असा निष्कर्ष वरील विवेचनावरून कोणी काढील, तर तो यथार्थ होणार नाही. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात, आणि सिंहासनावरील शिवाजी महाराज, मावळे, तोफा व पहारेकरी मांडतात. माती व प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ह्या आकृत्यांना पुण्याकडे ‘चित्रे’ म्हणतात. सपाट पृष्ठावरील आकृतीसाठी योजला जाणारा शब्द येथे घडीव मूर्तीस लागतो, हेही लक्षणीय आहे. ही मराठी मुलखातील खऱ्या अर्थाने कथाधिष्ठित खेळण्यांची मालिका होय. तिला चित्रपटाची गरज पडली नाही, परवान्याची नाही, जाहिरातीचीही नाही. निवड येथेही चमत्कारिक असते: मावळ्यांशेजारी भाजीवाली बसते, विहिरीवर पाणी भरणारी बाई असते, कधी आधुनिक बंदूकधारी जवानही पहाऱ्यास उभा राहतो. पण ही विचित्रता करारातून आलेली नसून मुलाच्या मनातून आली आहे. किल्ल्याखालच्या वस्तीत बाजार असणारच, म्हणून भाजीवाली येते.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात हेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, अशी १२० पाने रंगवून तयार होतात. अवतारकथा सर्वांना ठाऊक असल्यामुळे पानावर मत्स्य वा कूर्म एवढी खूण पुरते. कथा शिकविण्याचा खर्च कारागिरास करावा लागत नाही; तो समाजाने आधीच केलेला असतो.

ही खेळणी टिकली ह्याचे कारण त्यांचा साचा स्वस्त होता. प्लास्टरचा साचा कुंभार स्वतः करतो. गंजिफ्याला साचाच नाही. स्वल्प भांडवलास मालकीच्या संरक्षणाची गरज भासत नाही. मालकीची गरज पोलादाच्या साच्यास आहे, कथेस नाही.

८. उपसंहार

भिवंडीच्या गोदामांतील खोक्यांकडे ह्या दृष्टीने पाहिले असता आजच्या एका प्रश्नावर प्रकाश पडतो. जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घालण्यात आली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेच्या प्रमाणचिन्हाची सक्ती अमलात आली. ह्या उपायांचा हेतू खेळणी देशात तयार व्हावीत असा आहे. परंतु खेळणे कोठे तयार होते आणि ते कोणाची कथा सांगते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गोव्यातील ‘जी. आय. जो’ संपूर्णतः भारतात तयार होत होता. त्याची कथा भारतात तयार झालेली नव्हती. शुल्काची भिंत मालाला अडविते. साच्याला व परवान्याला ती अडवीत नाही, हे १९८० च्या दशकाने दाखवून दिले आहे.

येथील कथा येथील साच्यात उतराव्यात असे वाटत असेल, तर दोनच मार्ग संभवतात. एक मार्ग ‘छोटा भीम’चा: सार्वजनिक कथेस कुंपण घालून तिची मालकी निर्माण करावयाची. दुसरा मार्ग किल्ल्यावरील चित्रांचा: साचा इतका स्वस्त व कारागिराच्या इतका हाताशी ठेवावयाचा की मालकीवाचूनही धंदा चालावा. पहिल्या मार्गाने माल पुष्कळ निघतो, पण खेळता खेळता मूल ज्या नावाचा उच्चार करते ते नाव कोणाच्या तरी नोंदवहीत बद्ध असते. दुसऱ्या मार्गाने माल थोडा निघतो, रंग खडबडीत असतो, मूर्तीचे नाक पहिल्याच दिवशी उडते. पण भाजीवालीला किल्ल्याच्या दारी बसविण्याचा अधिकार मुलाकडे राहतो. खेळण्यांचा इतिहास लिहिणाराने ह्या दोन्ही मार्गांचा हिशेब मांडला पाहिजे, कारण कोणत्या कथा पुढच्या पिढीच्या भाषेत ‘रामबाणा’सारख्या मुरतील आणि कोणत्या खोक्यावरच राहतील, हे ह्या निवडीवर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.